साडेतीन इंच

दोंदे काकांची एमजी अंबडच्या शेडमध्ये शिरली
तेव्हा चाकावर दोन हात होते,
एक काकांचा, डावा, एक काकूंचा, उजवा.
काकांचा उजवा मांडीवर ठेवलेला,
दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिलाय असा.
गेट अरुंद. "ओढ," काका म्हणाले. काकूंनी ओढलं,
बांगड्या चाकावर वाजल्या.
अर्धांगवायूला दोन वर्षं झाली म्हणे.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये बत्तीस वर्षं
काकांनी नोटांवर नंबर टाकले.
त्र्याऐंशी साली देवळाली कॅम्पातला कुणी साहेब
बदलून गेला, त्याच्या गॅरेजातून अकरा हजारांत
ही उचलली. बॉनेटखाली तेव्हा
मांजरीनं पिल्लं घातली होती.
पिल्लं मोठी होईस्तोवर काका थांबले.

वायरिंग माझ्याकडे, तोडजोड हिरामणकडे.
मी बॅटरी बघितली आणि कपाळावर हात मारला.
हिचा अर्थ पॉझिटिव्ह.
साऱ्या दुनियेचा जिथे ऋण, तिथे हिचा धन.
म्हणजे आधी डायनॅमो बाहेर, अल्टरनेटर आत,
कॉइलची टोकं उलटी, अँपिअरच्या काट्याची उलटी,
म्हातारीला सांगायचं, बाई,
आजपासून उलट्या दिशेनं जग.

लिंक रोडच्या भंगारात शकूरकडे
अल्टोचा कॉलम मिळाला, मोटरसकट.
"ताई, गाडी पुढून गेली, ही तेवढी वाचली."
साडेपाच मागितले, चारला दिला.
पण मोटरला गाडीचा वेग कळावा लागतो,
नाही कळला तर ती रुसून बसते.
तिच्यासाठी एक छोटं सर्किट केलं, खोटं बोलणारं:
तू सदा ताशी वीसनं चाललीयस.
आणि डॅशखाली एक नॉब,
मदत किती घ्यायची त्याचा.

शाफ्ट कापायच्या आधी हिरामणनं
ग्राइंडर दोनदा चालू करून बंद केला.
"साठ वर्षांचं लोखंड आहे काका. गेलं की गेलं."
काका स्टुलावर बसलेले.
"एक नंबर चुकला तर आम्ही अख्खं शीट
रद्द करायचो," म्हणाले. "काप तू."
तुकडा पडला. साडेतीन इंच.
उचलायला गेलेल्या पोराचं बोट भाजलं.

ट्रायलला पपया नर्सरीच्या सर्कलपर्यंत.
मी मागे ॲक्टिव्हावर. हूड उघडं, म्हणून दिसलं.
काकांनी एका हातानं चाक फिरवलं
आणि गाडी वळली, पोळपाटावर पोळी
आपली आपण वळते तशी.
त्याच क्षणी काकूंचा हात उठला.
अर्ध्यात थांबला.
मग केसांवरून फिरला,
जणू त्यासाठीच उठला होता.
मी हॉर्न वाजवला, उगाच.

आठवड्यानं आले. बॅटरीचं पाणी, एक ढिली क्लिप.
डॅशखाली वाकले तर नॉबवर
नेलपॉलिशचा ठिपका, लाल,
फुल्लपासून बराच खाली, जड बाजूला.
"चालत नाही का नीट?"
"चालतंय," काका म्हणाले. "रस्ता हाताला लागत नव्हता."
"ठिपका मी लावलाय," काकू म्हणाल्या. "हलवू नको."
मी चाक फिरवून बघितलं.
एका हाताला जड,
दीड हाताला बरोबर.

निघताना काकांनी तो तुकडा मागितला.
उद्या कुणाला पुन्हा जोडावासा वाटला तर असू दे, म्हणाले.
हिरामणनं तो बिलांवर ठेवलेला, उडू नयेत म्हणून.
पुसून दिला. काकूंनी पर्समध्ये टाकला,
पट्टा खांद्यावरून घसरला.
इकडे पंख्यानं बिलं शेडभर केली.
सगळी गोळा झाली,
एक सोडून. त्यांचंच.