त्रेसष्ट लारी

त्बिलिसी. वर्षअखेर, रात्रीचे दहा.
खिडकीखाली मत्क्वारी नदी काळी.
तेरीज जुळत नाही,
त्रेसष्ट लारींचा फरक.
नोकरीला जेमतेम सात आठवडे; माझा घसा कोरडा.

नानुली चष्मा कपाळावर सरकवतात.
'नऊने भाग जातो का बघ.'
जातो.
'मग आकड्यांनी जागा बदलल्यात. शोध.'
कुठे, ते सांगत नाहीत.
कोट काढून ठेवतात,
द्राक्षरसात घोळवलेली अक्रोडाची माळ
सुरीने कापत शेजारी बसतात.
एकेक तुकडा माझ्या वहीच्या कडेला.

पावणेबाराला सापडतं:
एक्याऐंशीचे अठरा.
अक्षर माझंच.

त्या हसत नाहीत.
'माझा फरक नऊ हजारांचा होता,' म्हणतात,
सुरी पुसतात.
'तेव्हा ही खुर्ची रिकामी होती.'