शिंगाची मूठ

स्वानेतीत, इंगुरी नदीच्या काठी,
जिथे दगडी बुरूज घरांहून उंच
आणि वैर बुरुजांहून,
एका लग्नात अंझोरनं पेला उचलला.
गेलेल्यांच्या नावाचा पेला होता तो.
मी नऊ वर्षांची, वाईनची सुरई घेऊन उभी.

म्हणाला, त्या हिवाळ्यात पूल आपणहून पडला नाही.
दोर कापला होता. मुर्मान चक्कीवाल्याच्या बापानं.
मग थांबला.
थांबणं त्याला फार छान जमायचं.

मागच्याच आठवड्यात मुर्माननं त्याला
उधार पीठ नाकारलं होतं.
एवढंच.

कुणीतरी विचारलं, कशानं कापला?
अंझोर अडखळला.
मीच बोलून गेले: सुरीनं. शिंगाची मूठ होती.
पंगत गप्प.
एका बाईनं माझ्या केसांवरून हात फिरवला.
इतकं बारीक कुणी खोटं बोलतं का?

तेव्हापासून दळण खालच्या गावी जाऊ लागलं,
तीन तास उतरण, पाच तास चढण,
पाठीवर पोतं आणि तोंडात तीच गोष्ट.
पाणचक्कीच्या चाकावर शेवाळ चढलं, मग बर्फ.
मुर्मानच्या धाकटीला स्थळ आलं नाही ते नाहीच.

ऐंशीव्या वर्षी अंझोर चर्चबाहेर उभा राहिला,
टोपी हातात चुरगळत:
मी रचलं होतं ते. दोर कुजलेला होता. जीभ माझी होती.
लोकांनी त्याला मायेनं बाकावर बसवलं.
वय झालं, म्हणाले, विसरतो बिचारा.
पिक्रिया तर रडलीच: अरे, दोर तुटल्याचा आवाज
मी या कानांनी ऐकलाय!
तिचा जन्म पूल पडल्यावर सहा वर्षांनी.

मी तिथेच होते.
माझ्या तोंडात जर्दाळूची बी होती,
ती मी चघळत राहिले.

आणि काल ओतिया आला, मुर्मानचा नातू,
शहरात वाढलेला, मान खाली घालून चालणारा.
पुलाच्या मधोमध उभं राहून
त्यानं फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी सोडलं.
आजीच्या पेटीत सापडली, म्हणाला. हीच असणार.
आता तरी आम्हाला माफ करा.

बोकडाच्या शिंगाची मूठ.
आमच्या डोंगरात घरटी एक असते तशी.

नदीनं ती आवाज न करता घेतली.
सगळ्यांनी सुस्कारा टाकला, मीही.
आणि घराकडे चढताना, देवाशपथ,
मला स्पष्ट आठवायला लागलं
की सुरई खाली ठेवून
लहानपणी कधीतरी
मी ती सुरी पाहिली होती.