रोज एक वाक्य

नर्सनं वही दिली. रोज सकाळी एक वाक्य लिहायचं,
कुठलंही, पण रोज तेच.
अक्षर बिघडलं की आधी तिला कळणार,
मग डॉक्टरांना, सगळ्यात शेवटी आम्हाला.

आईनं लिहिलं: मी पद्मीनबाई. मी क्रॉसिंगला जाते.

बावीस वर्षं जाते. परतूरकडच्या बियाण्याच्या प्लॉटवर
दुपार कलली की कपाशीची उद्या उमलणारी कळी
अंगठ्याच्या नखानं सोलायची,
पिवळे दाणे खरवडायचे, मधली काडी शाबूत ठेवायची,
वर लाल कागदाची नळी.
सकाळी दव सुकलं की नराचं फूल आणून टेकवायचं,
देठाला दोरा.
नखाखालचा हिरवा डाग संभाजीनगरला आला तिच्यासोबत.
सलाईन लावणाऱ्या पोरीनं दोनदा स्पिरिटनं पुसला,
निघाला नाही.

म्हणून समजावणं सोपं गेलं.
तुझ्याच रक्तातल्या पेशी काढून नेल्यात, मी म्हटलं,
राखणीच्या. कॅन्सर शेजारून जायचा
आणि या त्याला घरचाच समजून वाट द्यायच्या.
आता त्यांच्या अंगावर एक नवा हात बसवलाय,
एकच खूण चाचपणारा.
"म्हंजे क्रॉसिंगच की," ती म्हणाली. "नर कुठला?"

मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले नाहीत.
आत नेऊन सोडणारा एक विषाणू, दात काढलेला.
आणि खूण ओळखायची अक्कल, ती मूळची उंदराची,
कुण्या लॅबमधल्या उंदराच्या अंगात सापडलेली, फार वर्षांपूर्वी.

आई बराच वेळ गप्प.
"उंदराची?
माझी दोन पोती ज्वारी, लग्नातलं लुगडं,
रेशनकार्डाचा कोपरा..."
मग एकदम: "आन् ती खूण चांगल्या पेशीवर नसंल कशावरून?"
असते. त्याही जातील.
हे मी बोललो नाही. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं
आणि पांघरूण ओढून घेतलं.

पिशवी चढायला अर्धा ताससुद्धा लागला नाही.
एवढुशी, ताकावरच्या निवळीसारखी.

चौथ्या दिवशी ओळ उताराला लागली.
पाचव्या दिवशी ताप एकशे चार.
नर्सनं पेन दाखवून विचारलं, हे काय?
चिमटा, आई म्हणाली.
शंभरापासून दहा-दहा मागे या, मावशी.
शंभर, नव्वद,
मग मजुरीचा हिशेब सुरू झाला,
मुकादमानं दाबलेले तीन रोज, त्याच्या आईबहिणीसकट.
डॉक्टर म्हणाले, ताप म्हणजे आत ओळख पटलीय.
सहाव्या दिवशी वहीत नुसता एक दोरा,
कशालाच न बांधलेला.

सातवं पान कोरं आहे. आठवंही.
त्यांच्यावर तारखा मी घातल्या,
कशासाठी, माहीत नाही.

दहाव्या दिवशी तिनं स्वतः वही मागितली.
नर्स म्हणाली, वाक्य तेच हं मावशी.
मी पद्मीनबाई. इथवर तेच होतं,
प्रौढ वर्गात शिकलेल्या पोटफुग्या वेलांट्यांसकट.
पुढं लिहिलं होतं:
उंदराचं काय देणं निघतं, इचारून ठिव.

खरी तपासणी अजून महिनाभर लांब.
नर्सनं ते दोनदा वाचलं,
फाईलमध्ये काय भरावं तिला कळेना.
अक्षर सरळ होतं.