रिले

गॅरेजात आणली की गुणी बाळासारखी चालते,
डॉक्टरच्या दारात ताप उतरावा तशी.
प्लग झाले, कॉइल झाली,
पेट्रोलची टाकी धुऊन झाली.
गुनवोर म्हणते, आता मीच खोटी पडते.

तोर्बियर्न तीन संध्याकाळी शेजारी बसून फिरला.
चौथ्या दिवशी हॅर्नोसांदच्या पुलावर
सत्त्याऐंशी सालची व्होल्व्हो मेली.
मागे रांग. एकही हॉर्न नाही.
तो पहिल्यांदा हसला.

डॅशबोर्डखाली हात घालून
एक डबी बोटाच्या पेराने ठोकली:
इंजिन धडधडलं.
पुन्हा ठोकली: गप्प.

भिंगाखाली, डाखाभोवती, केसाएवढी चीर.
तापली की उघडते, निवली की मिटते.

"म्हणजे मी खोटी नव्हते."
"तीही नव्हती," तो म्हणाला,
आणि सोल्डर-गन तापेपर्यंत
ती चीर बघत बसला.