पर्यंत

दांडिया बाजारातल्या आमच्या वाचन मंडळात
जिन्याशी एक सागवानी फळा आहे.
त्यावर अध्यक्षांची नावं. नावापुढे 'पासून', मग 'पर्यंत'.
अकरा वर्षं माझ्या नावापुढची
'पर्यंत'ची जागा रिकामी होती.
गेल्या जूनमध्ये पेंटर इस्माईलभाईंनी ती भरली.
आकडा अजून बाकीच्यांपेक्षा पांढरा दिसतो.

खुर्ची सुटल्यावर कसं वागायचं
ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं.
बोलावलं तर जायचं, तिसऱ्या रांगेत बसायचं,
विचारलं तर सांगायचं,
नाही विचारलं तर चष्मा पुसायचा.

कारण हसबनीसांचं मी पाहिलं होतं.
माझ्या आधीचे ते. दर वार्षिक सभेत
काठी टेकत उठायचे, 'माझ्या वेळी' म्हणून सुरू करायचे,
आणि एकदा, सत्तर माणसांसमोर,
मी माइकवाल्याकडे नुसतं पाहिलं.
त्याला कळलं.
हसबनीसांचे ओठ आणखी मिनिटभर हलत राहिले.
गच्चीच्या भाडेकराराबद्दल बोलत होते, असं मला वाटतं.
वाटतं कसलं. त्याबद्दलच बोलत होते.

आता निरंजना घोरपडे अध्यक्ष.
माझ्याच हाताखालची सहचिटणीस,
टाचण्यांच्या डबीचंही व्हाउचर करणारी.
तिने चौदाची पाच वर्तमानपत्रं केली,
वाचनकक्ष सकाळी सहा ते नऊ क्लासवाल्याला दिला.
मांडवीच्या रद्दीवाल्याने
दिवाळी अंकांचे गठ्ठे टेम्पोत भरले तेव्हा
मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो.
एक अक्षर बोललो नाही.

म्हणजे मंडळात बोललो नाही.
सुरसागरच्या फेरीत बोललो, दोन्ही फेऱ्यांत.
औषधवाल्या कनुभाईंना बोललो,
ते माझ्या बीपीच्या गोळ्या कापत होते.
व्याह्यांना फोनवर. सेवउसळीच्या गाडीवर
एका अनोळखी माणसाला,
ज्याने फक्त तरीची वाटी सरकवायला सांगितली होती.

परवा ती घरी आली, हातात हेल्मेट.
म्हणाली, "काका, तुम्ही काही बोलत नाही,
आणि तुमचं ते न बोलणं
रावपुऱ्यापर्यंत सगळ्यांना पाठ झालंय.
रविवारी सभेत म्हणा ना. मी इतिवृत्तात घेते.
कनुभाईंच्या दुकानात इतिवृत्त नसतं,
तिथे मी उत्तर कुणाला देऊ?"

चहा तिने उभ्यानेच घेतला.
जाताना म्हणाली, गच्ची सोडवायला
दोन लाख ऐंशी हजार लागतायत,
क्लासचं भाडं त्यातच जातं.
करारावर सही कुणाची, ते म्हणाली नाही.
हा तिचा मोठेपणा असावा.
किंवा नेम.

आज रविवार. कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात शेवटी
'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय'.
म्हणजे अध्यक्षांविरुद्ध बोलायचं
तर परवानगी अध्यक्षांचीच.
हे वाक्य घटनेत मी घातलं होतं.
तेव्हा फार सोयीचं वाटलं होतं.

तिसऱ्या रांगेतून उठलो. गुडघा वाजला.
दिवाळी अंकांचं मी बोलणारच आहे.
ते चुकलंच, आणि तिने ते ऐकावं,
पंख्याखाली पेंगणाऱ्यांनीही ऐकावं.
पण त्याआधी गच्चीचं.
आणि त्याच्याही आधी हसबनीसांचं, जे आता नाहीत,
ज्यांच्या 'पर्यंत'नंतर काय झालं
ते लिहायला फळ्यावर रकानाच नाही.

माइकवाला तोच, केस पिकलेले.
त्याने सवयीने अध्यक्षांकडे पाहिलं.
ती कागदातून वर न बघता म्हणाली,
"आवाज जरा वाढवा."

"माझ्या वेळी," मी सुरुवात केली,
"एक माइक बंद झाला होता."