ऋणभार

भोईवाड्याच्या वळणावर, झेरॉक्सच्या वरच्या मजल्यावर
आमची लॅब. टेबलाच्या एका पायाखाली
चौघडी केलेला कुणाचा तरी न नेलेला रिपोर्ट.
खाली मेट्रोचं खोदकाम निघाल्यापासून
ईएसआरचा स्टँड थरथरतो
आणि थरथरत्या नळीत रक्त खोटं बोलतं.
वाकड्या नळीतही.
सरळ उभं करून हात काढून घेतला
तर तासाभरात काय ते खरं सांगतं.

मस्करेन्हस सर फळ्यावर गोल काढायचे,
गोलाभोवती बारीक बारीक वजा.
तांबड्या पेशीच्या अंगावर सायलिक आम्लाची लव असते,
लवेच्या टोकाटोकावर ऋणभार.
सगळ्याच ऋण, म्हणून कुणी कुणाला चिकटत नाही.
स्वतःहून अरुंद बोळातून
एकामागे एक, अंग चोरून निघून जातात.
"रक्ताचं नातं ते हेच," सर खडू झटकत म्हणायचे,
"एकमेकाला लोटत एकाच दिशेला वाहायचं."
वर्ग हसायचा. परीक्षेला येणार नव्हतं.

मी समासात लिहिलं होतं:
ऋण म्हणजे वजा.
ऋण म्हणजे देणं.
त्याखाली डीएमएलटीच्या फीचा आकडा,
दोन हप्ते, शशीदादाच्या पगारातून.

नागदेवी स्ट्रीटवर नटबोल्टच्या दुकानात असायचा तो.
वायसर मोजायचा डाव्या करंगळीत ओवून,
डझन झाले की काउंटरवर टक्.
पैसे परत द्यायला मी तीनदा गेले.
पहिल्यांदा त्यानं पाकीट माझ्याच पर्समध्ये कोंबलं,
दुसऱ्यांदा भांडला,
तिसऱ्यांदा चहा मागवला आणि
लीप वर्षाबद्दल बोलत बसला.
मग भेटी भाऊबीजेपुरत्या,
त्याही ताट उचलेपर्यंत.

आज आला. शर्ट खांद्यावरून उतरलेला.
ताप किती दिवस?
"असेल. संध्याकाळचा येतो नि जातो."
मूठ आवळ म्हटलं. शीर पहिल्याच टोचणीत मिळाली,
कोपराच्या आत जरा डावीकडे,
माझी असते तिथंच.
सायट्रेट, काळं झाकण, आठदा उलटसुलट,
नळीत शून्याच्या रेघेपर्यंत.
दहा वाजून वीस.

तो बाकावर पेपर वाचतोय. मी वाचतेय नळी.
अर्ध्या तासात वर गव्हाळ पाण्याचा स्तंभ
बोटभर, मग त्याहून जास्त.
उगाच एक काच करून भिंगाखाली धरली.
आत काही पेटलं की रक्तात प्रथिनं वाढतात,
ऋण झाकून टाकतात.
पेशी एकमेकींना टेकतात, पाठीला पोट लावून,
जड होतात, बुडतात.
भिंगात चळतीच चळती.
डझनाडझनानं वायसर.
मी कान दिला, टक् ऐकू येईल म्हणून.

सरांनी आणखी एक सांगितलं होतं.
म्हाताऱ्या पेशीची लव झडत जाते,
एकशेवीसेक दिवसांत तिचं ऋण फिटत येतं,
तेव्हा प्लीहा तिला ओळखते
आणि हलकेच बाजूला घेते.
फिटत येतं, असंच म्हणाले होते सर.
वहीत ते वाक्य अधोरेखित आहे, का ते आठवत नाही.

अकरा वीस.
स्टँडला धक्का न लावता वाकले,
डोळा रेघेच्या पातळीत आणला,
दोनदा वाचलं.
मागे दादा उभा, पाकीट उघडून.
"किती झाले?"

"अठ्ठ्याण्णव," माझ्या तोंडून निघालं.

त्यानं शंभराची नोट टेबलावर ठेवली,
वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर माझंच पेन.
"वरचे दोन राहू देत तुझ्याकडे," म्हणाला
आणि बाही खाली करत बटण शोधू लागला.

नोट मी घेतली.
दोन रुपये परत केले नाहीत.