चौदा अक्षरं

अकरा साळी एकाखाली एक उभ्या केल्यात.
येळ्ळूरची, हलशीची, जांबोटीच्या उताराची,
एक कित्तूरकडची, ईराण्णानं आणलेली.
पिशवीवर त्याच्या अक्षरात काहीतरी लिहिलंय.
विचारलं तर म्हणाला, "केंपु भत्ता. तांबडं भात की ओ."

पडद्यावर त्याचीही लिपी नाही, माझीही नाही.
ए, सी, जी, टी.
चार अक्षरांत सगळं पीक.

काम म्हटलं तर एवढंच:
सारखं अक्षर सारख्याखाली यावं
म्हणून ओळ थोडी सरकवायची,
मध्ये आडव्या रेघा घालायच्या.
फट उघडायला दंड मोठा, लांबवायला थोडा.
(आमच्या काकांच्या बांधाला हे लागू नव्हतं.)
आधी जवळच्यांच्या जोड्या, मग जोड्यांच्या जोड्या,
आणि पहिल्या जोडीत पडलेली फट
शेवटपर्यंत कुणी बुजवत नाही.
म्हणून रात्री दीडला मी तिसऱ्यांदा सगळं मोडलं.

ईराण्णा थर्मासमधला चहा ओततोय.
"मुगीतेनु?"
"न्हाई. जुळंनासं झालंय."

चौथ्या खेपेला आठ ओळींत खिडकी पडली,
सरळ, एकाखाली एक:
चौदा रेघा.
उरलेल्या तीन ओळींत तिथं चौदा अक्षरं.
त्या तीन तांबड्या. आठ पांढऱ्या.

आता तांबडीनं चौदा कमावली
की पांढरीनं चौदा गमावली?
अकराजणींनी एकमेकींकडे बघून हे ठरत नाही.
बहुमतानं तर नाहीच.
बारावी लागते,

नंदगडच्या तळ्याकाठचं देवभात,
कुणी न पेरलेलं,
पिकायच्या आधीच चिखलात गळणारं.
गंगव्वा नागुर्डेकर टोपलीत झोडून आणते
ऋषिपंचमीपुरतं,
बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी चालत नाही म्हणून.
मूठभर देताना मी जातीचं नाव विचारलं,
तर हसली. "ह्येला कसलं नाव? देवाचं हाय."

नमुन्याच्या रकान्यात तेच लिहिलं होतं. देवाचं.
ती ओळ सगळ्यांच्या खाली ठेवली.

ईराण्णा काचेवर बोट टेकून मोजू लागला,
ओंदु, एरडु, मूरु,
मी एक, दोन,
तो माझ्या दोन घरं पुढे,
आणि चौदाला दोघं थांबलो.

होती. सगळी होती.

म्हणजे पांढरेपणा हा रंग नव्हे,
कधीतरी, कुणाच्या तरी वाफ्यात
एका दाण्याला पडलेला विसर,
आणि तो आवडून कुणीतरी
बियाण्याला बाजूला काढलेला.

दुपारी मेसमध्ये भात आला, कळ्यांसारखा.
ईराण्णा ताटावर हात आडवा धरून म्हणाला, "साकु."
मी अजून एक वाढ घेतली.